श्वास रोखा

"श्वास रोखा," असं म्हणून शेजारच्या काकू कॅमेऱ्याचं बटण दाबायच्या आणि फोटो निघाला की म्हणायच्या, "सोडा."

आपल्या श्वासानं तारे काही हलत नाहीत. पण काकूंची सगळी नोकरी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेली होती. सवय राहिली. "जन्मभर लोकांची हाडं पाहिली. आता जरा लांबचं बघते," म्हणायच्या.

मांजरी गावातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांची दुर्बीण असे. तिवईच्या तीन पायांसाठी फरशीवर त्यांनी ऑइलपेंटची तीन पांढरी वर्तुळं काढली होती. जेवणं उरकली की त्या वर, मागोमाग मी. "आज काय बघायचं?" असं विचारलं तर म्हणत, "ठरवून कोण फिरायला जातं? चल, भटकू."

एकेका फोटोत नुसता करडा धूर दिसायचा. असे पुष्कळ फोटो लॅपटॉपवर एकावर एक रचले की त्या धुरातून काहीतरी वर यायचं. एकदा देवयानी दीर्घिका आली. पाटावर पिठाचा हात पुसावा तशी, तिरकी. काकूंनी चक्क टाळ्या वाजवल्या. काही फोटोंत लोहगावच्या विमानानं रेघ ओढली होती. ते काढून टाकूया, मी म्हटलं.

"असू दे गं. तेही होतंच ना वर."

देवयानीच्या कडा मात्र पुसटच होत्या. "अजून उजेड साचू दे. पुढच्या थंडीत पुरी होईल."

त्या थंडीआधीच सोसायटीनं गल्लीच्या तोंडाशी उंच खांबावर झगझगीत दिवा लावला. गच्ची पांढरीफटक झाली. देवयानी गेली.

आमचं घर चळवळीचं; पोरं पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुळाक्षरं गिरवतात. मी लगेच पत्रक लिहिलं: 'आकाश कुणाच्या बापाचं नाही!' काकूंनी चष्मा लावून ते वाचलं.

"किती ही उद्गारचिन्हं! ताप आलाय का तुला?"

"थट्टा नको, काकू. तुमचं आकाश चोरलंय त्यांनी."

"दिवा मीच मागितला."

काकूंनी चष्मा काढून पत्रकावर ठेवला.

"हिंजवडीच्या कंपन्यांची रात्रीची बस पोरींना हमरस्त्यावर सोडते. तिथून त्या अंधारात जवळजवळ पळत येतात. वरून दिसतं ना मला. त्या फाटकात पोचेपर्यंत माझं दुर्बिणीत लक्ष नसतं."

दिव्यासोबत काकूंनी आणखी एक मागितलं होतं: वर पत्र्याची टोपी. म्हणजे उजेड रस्त्यावर पडेल, आभाळात जाणार नाही. सभेत लोक हसले. "दिव्याला ऊन लागतंय का, काकू?" मग म्हणाले, "बघू."

मला राग आहे तो या 'बघू'चा. पोरी की तारे, असा प्रश्न कधी नव्हताच. प्रश्न पत्र्याच्या एका तुकड्याचा होता. तुमच्याही गल्लीत असा दिवा असेल. त्याचा उजेड कुठं जातो, एकदा मान वर करून बघा.

मी पत्रक बदललं, काकूंनी उद्गारचिन्हं खोडली, आम्ही ते दारोदार वाटलं. तोवर काकू चंद्राचे फोटो काढत. "त्याला कुणाच्या दिव्याची भीती नाही." पण चंद्र एकाच फोटोत येतो. साचू देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पावसाळ्यात काकू गेल्या. दुर्बीण भाचा घेऊन गेला. टोपी आलेली नाही.

परवा रात्री लाईट गेली. खाली आरडाओरडा सुरू झाला आणि मी गच्चीवर धावले. कितीतरी दिवसांनी काळं आभाळ. तीन वर्तुळांच्या मधोमध उभी राहून देवयानी शोधू लागले. एक पुसट डाग दिसल्यासारखा वाटला.

तेवढ्यात खाली गल्लीत मोबाइलचा उजेड हलत हलत येताना दिसला. एक मुलगी, भराभर चालत. आभाळ सोडून मी तिच्याकडे बघत राहिले. श्वास रोखला होता. ती फाटकातून आत आली.

"सोडा" म्हणायला कुणी नव्हतं.