लेव्हलच्या नळीतला बुडबुडा

केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात मी कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि त्याच खात्यातून निवृत्त झालो. सरकारी बांधकाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पूल येतात. माझ्या वाट्याला वर्ध्याच्या वसाहतीतली क्वार्टरं आली. ती बांधायची आणि मग जन्मभर सांभाळायची. कोणाच्या मोरीचा नळ गळतोय, कोणाचं दार फुगलंय, असं सगळं तक्रारवहीत लिहिलेलं असायचं. सकाळी मी ती वही वाचून दाखवायचो आणि मिस्त्री थैली उचलून निघायचे.

त्या मिस्त्रींबद्दलच हे लिहितो आहे. ते नाचणगावचे, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे, आणि खात्यात रोजंदारीवर होते. प्लास्टरवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचे आणि म्हणायचे, "इथं पोकळ हाये." फोडलं की पोकळच निघायचं. इमारतीबद्दल बोलायचे ते घरच्या गाईबद्दल बोलावं तसं. "हिले ऊन सोसत नाई जी. हिचं मावळतीचं अंग लय तापते."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका दुमजली क्वार्टरच्या गच्चीवर कोबा करायचा होता. विटांच्या तुकड्यांचा थर, वर सिमेंट, आणि कोपऱ्यातल्या भोकाकडे पाणी जाईल इतका उतार. उतार ठरवायला आम्ही पाण्यानं भरलेली प्लास्टिकची लांब नळी वापरायचो. दोघांनी दोन टोकं धरायची. दोन्हीकडे पाणी एका पातळीत थांबतं, तिथं कठड्यावर खुणा करायच्या. पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाणी खोटं बोलतं. त्या दिवशी तो राहिला होता. मी आकडे घेतले, मिस्त्रींनी त्या खुणांवरून कोबा केला, आणि पावसाळ्यात सगळं पाणी भोकाच्या उलट बाजूला तळ्यासारखं साचलं आणि खालच्या घरात गळू लागलं.

खालच्या बाईंनी तक्रारवहीत लिहिलं, "आम्ही क्वार्टर मागितलं होतं, विहीर नाही."

चौकशी लागली. मी एकटाच नळी घेऊन गच्चीवर गेलो. नळी गुंडाळून ठेवली होती तशीच होती आणि मधोमध बोटभर बुडबुडा होता. खाली येऊन मी अहवाल लिहिला: 'मिस्त्रीने खुणांकडे दुर्लक्ष केल्याने उतार उलट झाला.' माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. कारण एवढंच.

त्यानंतर मिस्त्रींना कोब्याचं काम कधी मिळालं नाही. चुना मारणं, नाल्या उपसणं, हेच शेवटपर्यंत. गावात त्यांचं नाव 'उलटा मिस्त्री' पडलं. माझ्याशी मात्र ते पहिल्यासारखेच वागत. पावसाळ्यात खराटा घेऊन त्याच गच्चीवर जायचे, साचलेलं पाणी भोकाकडे ढकलायचे आणि वरून मला हाक मारायचे, "साहेब, तुमचं तळं आटवलं जी!" तेव्हा त्यातलं 'तुमचं' मी कानाआड केलं.

मी आता वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला राहतो. मागच्या महिन्यात फिरताना वसाहतीत शिरलो. ती गच्ची उखडायला काढली होती. तिथल्या तरुण अभियंत्यानं मला खुर्ची दिली आणि जुनी फाइल दाखवली. "सर, मिस्त्रीचं काम काय भंगार होतं बघा. माझ्या अहवालातही हेच कारण टाकतोय." मी मान हलवली. चाळीस वर्षांनी दुसऱ्यांदा.

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी नाचणगावला गेलो. मिस्त्री ओसरीवर बाजेवर बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्या तं तवाच सांगतलं होतं," ते म्हणाले. "नळीत बुडबुडा हाये, झटका अन् मंग पाहा. तुमी म्हणले, मिस्त्री, शिकवू नका, रेघ मारा."

हे मला आठवत नव्हतं. बुडबुडा मला नंतर कळला, असंच मी स्वतःला सांगत आलो होतो. पण त्यांनी म्हटल्यावर ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू आलं.

"मंग चौकशीच्या वेळी मोठ्या साहेबांपाशी बोलले काऊन नाई?" मी विचारलं.

"रोजंदारीवाल्याचं कोण ऐकते जी? आता ऐकतीन तं लिहून द्या. माह्या देखत."

मी कागद काढला. लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'उतार माझ्या मोजणीमुळे चुकला. बहुतेक नळीत हवा राहिली असावी.'

"बहुतेक?" मिस्त्रींनी मान वर केली. "तुमी डोयानं पाह्यला ना तो? मंग बहुतेक काह्याचं?"

"बाबा, पाव्हण्याले चहा तं पिऊ द्या," सून आतून म्हणाली.

"पेतीन ना. लिहून झाल्यावर."

मी तो शब्द खोडायला लागलो तर त्यांनी कागदावर हात ठेवला. "खोडू नका. खोडलेला कागद पाहून लोक म्हनतीन, म्हाताऱ्यानं दाबून लिहून घेतलं. नवा घ्या."

नव्या कागदावर मी लिहिलं की नळीत बुडबुडा होता, मिस्त्रींनी तो मला दाखवला होता, मी ऐकलं नाही आणि नंतर खोटा अहवाल दिला. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. चहा पार निवला होता. सुनेनं दुसरा आणला.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन वसाहतीच्या कार्यालयात गेलो. त्या तरुण अभियंत्यानं ते उभ्यानं वाचायला घेतलं आणि मध्येच बसला. मग स्वतःचा अहवाल उघडून मिस्त्रींवरची ओळ काढून टाकली.

"इथं काय लिहू, सर?" त्यानं हळूच विचारलं.

मी त्याला माझं तेव्हाचं पद सांगितलं, आणि मग पूर्ण नाव.