रेडिओवर हात उचलायचा नाही

वस्तादांच्या दुकानात रेडिओला थापड मारली की मारणाऱ्याला थापड बसायची. पंचवटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी महिन्या-दोन महिन्यांत कोणीतरी खायचाच. रेडिओ खरखरला की हात आपोआप उठतो, त्याला कोण काय करणार? एकदा त्र्यंबकचा एक पूजेच्या सामानाचा दुकानदार काउंटरवर सेट ठेवून म्हणाला, "याला दोन दिल्या की बोलतो," आणि त्याने खरंच दोन दिल्या. वस्तादांनी त्याला एकच दिली. टोपी थेट रस्त्यावर. "आता तू बोल," वस्ताद म्हणाले, "बघू नीट बोलतोस का." माणूस शिव्या देत गेला आणि पुढच्या सोमवारी सेट न्यायला मुकाट्याने आला. कारण जुना ट्रान्झिस्टर उघडून तसाच्या तसा परत बांधणारा दुसरा माणूस नाशकात उरला नव्हता.

तरुणपणी वस्ताद तालमीत घुमले होते, म्हणून ते नाव. मनगट माझ्या पोटरीएवढं. त्या हातांनी ते डायलची दोरी ओवायचे. ट्रान्झिस्टरच्या पोटात काटा सरकवणारी एक बारीक दोरी असते, ती चार चाकांवरून फिरवून घ्यावी लागते, आणि जरा ढिली पडली की सगळं मुसळ केरात. एकदा ते दोरी ओवत असताना दुकानासमोर दोन रिक्षावाले जुंपले. वस्ताद उठले, दोघांच्या कॉलरी धरल्या, डोक्यावर डोकं आपटलं आणि परत येऊन उरलेली दोरी ओवली. "मारून वाजलेला रेडिओ परत बंद पडतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. माणसांना मात्र हा नियम त्यांनी कधी लावला नाही.

मीही काही गरीब गाय नव्हे. आमचा मखमलाबादला भाजीचा मळा. सत्त्याण्णव साल असेल, वडील अर्धांगवायूने पडले होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. उजवं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, उशाशी फक्त त्यांचा चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर. धाकटा भाऊ संपत एक दिवस सरळ म्हणाला, "तू येळेवर दवाखान्यात नेलं नाय, म्हणून दादा असे पडले." खरं होतं, म्हणूनच झोंबलं. हाताशी आलं ते उचलून मी त्याच्या तोंडावर मारलं. तो रेडिओ होता. संपतचं कपाळ फुटलं, सहा टाके पडले, आणि रेडिओचे तुकडे दादांच्या खाटेखाली गेले. संपत त्याच दिवशी सातपूरला खोली घेऊन राहिला. दादांनी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. म्हातारा असाच तोंड फिरवून गेला तर मी जन्मभर काय करायचं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

तुकडे फडक्यात बांधून मी वस्तादांकडे गेलो. "पडला," म्हणालो.

"पडलेला रेडिओ कोपऱ्यावर फुटतो. हा फेकलाय." त्यांनी कव्हरावरचा डाग अंगठ्याने घासला. "कुणाच्या डोक्यात घातलास?"

मी सांगितलं. कानाखाली जाळ निघाला.

"ही रेडिओची," ते म्हणाले. "भावाची त्याला देऊ दे. दोघं आलात तर उघडीन, नाहीतर हे गाठोडं घे आणि गोदावरीत सोड."

मी म्हणालो, तो माझं तोंड बघणार नाही. मग वस्तादांनी दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्या लुनावर मागे बसले. तेवढ्या वजनाने लुना सातपूरपर्यंत पोहोचली, हेच नवल.

संपतने दार उघडलं. कपाळावर पट्टी होती. मला बघताच त्याने मूठ उगारली आणि वस्ताद मध्ये आले. ठोसा त्यांच्या तोंडावर बसला. संपतला भान नव्हतं, त्याने दुसरा मारला, तिसरा मारला. रेडिओसाठी लोकांची थोबाडं रंगवणारा हा माणूस दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता. ओठ फाटला. ते गटारात रक्त थुंकले.

"झालं, की अजून हाय?" त्यांनी विचारलं. "झालं असेल तर चल. बापाचा रेडिओ जोडायचाय."

संपत चपला घालून निघाला. मला त्या वेळी वस्तादांच्या पाया पडावंसं वाटलं, पण लाज वाटली.

दुकानात त्यांनी जुनं धोतर पसरलं. जो भाग निघेल तो निघाल्या क्रमाने मांडायचा आणि उलट्या क्रमाने परत घालायचा, ही त्यांची रीत. स्क्रू काढायला मी, मांडायला संपत. फुटलेली बॉडी चिकटवली, तुटलेल्या तारा वस्तादांनी जोडल्या. दोरी ओवायला मात्र आम्हाला दिली. आम्ही ओवली आणि बटण उजवीकडे फिरवलं तर काटा डावीकडे पळाला. दोरी उलटी बसली होती.

"तू उलटी धरली," संपत म्हणाला.

"तू उलटी दिली," मी म्हणालो, आणि माझा हात त्याला मारायला वर गेला. खोटं कशाला सांगू, गेलाच. तो खाली यायच्या आत वस्तादांची थापड माझ्यावर आली असती, पण त्यांची बायको चहा घेऊन आली होती. तिने कपबशा काउंटरवर ठेवल्या.

"बास," ती म्हणाली. "अशाच एका थापडेने माझा डावा कान गेला. लग्नाला वरीस झालं नव्हतं."

वस्तादांचा हात हवेतच राहिला. कोणी कोणाकडे बघेना. दोरी उलटीच ठेवून आम्ही मागचं झाकण लावलं.

घरी संपतने रेडिओ दादांच्या उशाशी ठेवला. दादांनी डाव्या हाताने बटण फिरवलं. काटा मागे पळाला आणि बातम्या लागल्या. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग कूस बदलून आमच्याकडे बघितलं. अर्धं तोंड हसलं. आम्ही दोघं उभेच होतो. फार कष्टाने, तोंडातून लाळ गळत असताना, ते म्हणाले, "बसा." चार महिन्यांत त्यांनी उच्चारलेला पहिला शब्द, आणि तो दोघांना मिळून. संपत खाटेच्या कडेवर बसून ढसाढसा रडला. मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वस्तादांना सांगायला गेलो. ऐकून सुजलेल्या ओठानेसुद्धा ते हसले. बायको काउंटरला टेकून उभी होती. तिच्या उजव्या कानाशी वाकून ते मोठ्याने म्हणाले, "म्हातारा दोघांना बसा म्हणाला गं."

"बरं झालं," ती म्हणाली. "तीस वर्षं इथं उभी हाय. मला नाय कोणी म्हटलं."

वस्तादांनी हातातला पेचकस खाली ठेवला. आपलं स्टूल उचललं, फडक्याने पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"बसा," ते तिला म्हणाले.

ती बसली नाही. आम्ही निघालो तेव्हाही ते दोघं उभेच होते, आणि मध्ये ते रिकामं स्टूल.