घाट लई सोपा हाय

माझ्या नवऱ्याला चालता येत नाही, पण सायकल चालवता येते. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय आणि इतक्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलंय, की आता आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं बोलता येईल.

ह्यांना कंपवात आहे, सहा वर्षं झाली. हात थरथरतो ते सोडा, त्याची सवय होते. पण पाय जमिनीला चिकटतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की उभेच. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि ह्याच माणसाला आधार देऊन सायकलवर बसवा, असे निघतात की जणू कारखान्याची पहिली पाळी गाठायची आहे.

हे कळलं ते अगदी अचानक. मुलाने लॉकडाऊनमध्ये जाड टायरची, गिअरची डोंगरात चालवायची सायकल घेतली होती. चार महिने चालवली, मग तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. एकदा सोसायटीचं पार्किंग धुवायचं होतं म्हणून हे ती बाजूला घ्यायला गेले. हँडल हातात आलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, कठड्यावर पाय ठेवून बसलेच वर. मी घाबरून वॉचमनला हाक मारायला धावले. परत येईपर्यंत ह्यांच्या तीन फेऱ्या झालेल्या.

डॉक्टरांना विचारलं, असं कसं? म्हणाले, होतं काही जणांचं. म्हटलं, पण का? म्हणाले, पायडल गोल फिरतं, त्याला एक ताल असतो, त्याची मदत होत असावी, पण पक्कं असं कुणालाच माहीत नाही. मला ते फार आवडलं. भिंतभर पदव्या असलेला माणूस सरळ सांगतो की माहीत नाही. तेव्हापासून मीही ह्यांच्या पायांकडे वेगळ्या नजरेने बघते. म्हणजे, आता हे काय करतील बघू, अशा.

आता पार्किंगमध्ये किती फिरणार? रस्त्यावर गेले, आणि कर्वेनगरच्या गल्लीत उलट्या बाजूने एक स्कूटर आली. ह्यांनी ब्रेक लावला, पण जमिनीवर टेकवायचा पाय वेळेवर आलाच नाही. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. मुलगा खराडीला नोकरी करतो, बोलतोही मीटिंगमध्ये बोलल्यासारखा. म्हणाला, "आई, विषय संपला. सायकल विकतोय मी."

मी म्हटलं, "थांब. रस्ता नको, मातीच्या वाटा बघते. तिथे गाड्या नाहीत, पडलं तरी माती."

"तुला काय माहीत डोंगरातलं?"

"त्रेसष्टाव्या वर्षी सायकल शिकले. पडण्यातलं मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

त्याने प्लास्टर निघाल्यापासून एक महिना दिला. महिन्यात बाबांना बिनधोक चालवता येईल अशी एक जागा सापडली तर ठीक, नाहीतर सायकल जाणार. हे तेव्हा खुर्चीत बसून ऐकत होते.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, बाकीचं वाचून वाचून केलेलं. वाटा कशा मापायच्या मला ठाऊक नव्हतं. सायकलवाली पोरं चढाचे टक्के वगैरे सांगतात, ते काही डोक्यात शिरेना. मग मी आपलं माझं माप काढलं. काही वाटा वरण-भात, म्हणजे पहिल्यांदा सायकलवर बसणाऱ्यालाही पचतील. काही भाकरी, जरा चावायला लागतं. आणि काही ठेचा. मी भंडाऱ्याकडची, म्हणजे माझा ठेचा पुण्याच्या ठेच्यासारखा गूळ घातल्यागत नसतो, हे ध्यानात घ्या.

तर तळजाईच्या वरची रुंद मातीची वाट, ती वरण-भात. पण सकाळी तिथे लग्नाच्या पंगतीइतकी माणसं, त्यामुळे जायचं तर आडवारी, दुपार कलताना. दिवे घाट चढून गेल्यावर वरच्या गवताळ पठारावर गुरांच्या वाटा आहेत, त्या भाकरी. पावसाळा सरल्या सरल्या जावं, माती घट्ट बसलेली असते. कात्रजपासून सिंहगडाकडे जाणारी डोंगराची धार म्हणजे ठेचा. ती मी खालूनच पाहिली आणि खालूनच नमस्कार केला. वेताळ टेकडीवर तिन्ही ताटं आहेत. वर पठारावर सपाट, चढताना दम लागतो, आणि खाणीच्या बाजूला हेल्मेटवाली पोरं जिथून खाली उतरतात तिथे आपण फक्त बघावं. मी अर्धा तास बघत बसले होते. एकाला विचारलं, बाळा, उतरताना नजर कुठे ठेवतोस? म्हणाला, काकू, चाकाकडे बघायचं नाही, जिथे जायचंय तिथे बघायचं. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, मला चालतानाही हेच सांगतात.

त्याच टेकडीवर ह्यांना पहिल्यांदा नेलं. मुलानेच गाडीतून सायकल वर आणली. पठारावर हे छान चालले होते, तर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ वाटेत आडवे उभे राहिले.

"अहो, ही टेकडी चालणाऱ्यांसाठी आहे."

हे कसाबसा एक पाय टेकवून सायकलवरूनच म्हणाले, "मला चालता येत नाही, म्हणून सायकलवर आलोय."

"वा. विनोद चांगला आहे. आता उतरा."

"उतरलो तर तुम्हालाच उचलून न्यावं लागेल."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं आहे ते. त्यांना पटलं नाहीच, पण बाजूला झाले. तरी एक कळलं, इथे जमायचं नाही. माणसं, कुत्री, अचानक थांबणं. ह्यांना चालवणं अवघड नाही, थांबणं अवघड. म्हणजे जागा हवी रुंद, रिकामी, सपाट.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी मुळशीच्या बाजूला गेलो. मुलगा निघतानाच म्हणाला, "हा शेवटचा." ह्यांनी बूट घालताना पाय दोनदा चुकवला.

एका गावाशी, फाट्यावर, माझ्याच वयाची एक बाई पावटा घेऊन विकायला बसली होती. तिला विचारलं, "ताई, इथे सायकल चालवायला सोपी वाट कुठली? म्हातारं माणूस आहे."

ती म्हणाली, "घाटात जावा की. घाट लई सोपा हाय."

मला वाटलं, ही चेष्टा करतेय. आता पुण्यात पन्नास वर्षं काढलेली बाई मी, घाट म्हटलं की मला खंबाटकी दिसतो, ताम्हिणी दिसतो, वळणं आणि दरी. तो सोपा कसा असेल? मी म्हटलं, "घाट नको हो. दुसरी?"

"दुसरी ही देवळाकडं. सरळ हाय."

सरळ म्हटल्यावर मला बरं वाटलं. मुलगा गाडीत बसून फोनवर बोलत होता. मी ह्यांना बसवलं आणि मागून निघाले. वाट सरळच होती, खोटं नाही बोलली ती. सरळ वर होती. वळण एक नाही, पण सगळा सुटा मुरूम, वर गोटे. शंभरेक पावलांवर चाक घसरलं, ह्यांनी पाय टेकवला, पडले नाहीत. पण थांबले. आणि थांबले म्हणजे थांबलेच. खाली उतार, पायाखाली मुरूम, आणि पाय हलेनात.

मुलगा धावत आला. त्याने सायकल काढून घेतली, खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "झालं ना आई? झालं समाधान?"

ह्यांनी सायकलकडे पाहिलं, मग दुसरीकडे. फिजिओथेरपीच्या बाईंनी एक युक्ती शिकवली होती, पावलापुढे आडवी रेघ मारायची, पाय ती ओलांडायला उठतो. जमिनीला नाही उठत, रेघेला उठतो. घरात आम्ही फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात. इथे मी काठी घेतली आणि खाली तोंड करून एकेक रेघ ओढत निघाले. हे एकेक ओलांडत मागे. मध्येच रेघ नीट उमटली नाही की परत उभे.

पावट्याची टोपली तिथेच टाकून ती बाई वर आली होती. म्हणाली, "ही कसली आखणी?"

मी सांगितलं सगळं. चालता येत नाही, सायकल येते, रेघ असली तर पाय उठतो. म्हटलं आता हीही हसणार. ती हसली नाही. म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्या बैलाचं असंच हाय. गोठ्यातनं भाईर काढायला अर्धा दिस. आन् जू ठिवलं मानंवर, की पळतंय."

"का हो असं?"

"ते त्यालाच ठावं."

हे रेघेवर उभ्या उभ्या म्हणाले, "डॉक्टरपेक्षा हिला जास्त कळतं."

ती म्हणाली, "पण म्या तुमाला घाट सांगितला व्हता. हितं कशाला तडमडला?"

"अहो, चढण, वळणं..."

"घाटात कुठलं वळण आलं? गाडं वळत्यात व्हय?"

गाडं म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला. बैलगाड्यांच्या शर्यती. आमच्या भंडाऱ्याकडे त्याला पट म्हणतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पट बघितलाय मी, जोड्या कशा सुटतात, धुरळा कसा उठतो. तोच पट इकडे घाट झालाय, हे पन्नास वर्षांत मला एकाने सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. घाटातले बैलगाडे म्हणून पेपरात वाचायचे, तेव्हा वाटायचं, काय हे लोक, दरीच्या कडेने बैल पळवतात.

शर्यतीचा घाट गावामागेच निघाला. दोन-तीन बस शेजारी शेजारी जातील इतका रुंद, सरळ, पुढे किंचित चढता. माती दाबून दाबून तव्यासारखी केलेली. बैलाच्या खुराला खडा लागू नये म्हणून गाव मिळून एकेक दगड वेचतं, ती म्हणाली. दोन्ही बाजूंना बांबूचं कुंपण. माणूस नाही, कुत्रं नाही. चिमणीसारखे कसले तरी पक्षी मातीत अंघोळ करत होते.

मुलगा सायकल खांद्यावर घेऊनच उभा राहिला. इकडून तिकडे बघितलं, बुटाच्या टाचेने माती दाबून बघितली, मग सायकल खाली ठेवली आणि स्वतःच बाबांना आधार द्यायला वाकला.

हे निघाले. दहा-बारा पायडल वेडीवाकडी, मग सरळ. हँडलवरचा हात थरथरत होता की नाही, ते लांबून दिसेना. वरच्या टोकाला आता थांबतील, पडतील, म्हणून मुलगा कुंपणाच्या कडेने पळत सुटला. तर ह्यांनी तिथे मोठं गोल वळण घेतलं, घाईबिईचं काही काम नाही असं, आणि परत खाली. मुलगा धापा टाकत निम्म्यातून माघारी. बाई म्हणाली, "ह्यो कशाला पळतोय? त्याला बी हाय का काय?"

दुसऱ्या फेरीला मुलगा आमच्याजवळ येऊन थांबला. कमरेवर हात, घाम पुसत. सायकलवरच्या बाबांकडे बघत तिला म्हणाला, "मावशी, शर्यती नसतात तेव्हा इथे कोण असतं?"

"कोन आसनार? रिकामाच असतो."

"रविवारी?"

"जत्रा सोडून कवाबी या. पर ओल्या मातीत चाक घालू नका, चर पडत्यात. बैलाचा पाय जातो."

"नाही घालणार," तो म्हणाला, आणि हे येत होते त्या बाजूला, त्यांना उतरवून घ्यायला, हात पुढे करून उभा राहिला. हे त्याच्यासमोरून निघून गेले.