भाऊजींच्या बुटक्या खुर्च्या

दिवाकरराव वानखेडे यांची माझी पहिली ओळख भांडणातून झाली. लग्न होऊन मी भिलाईला सेक्टर सहाच्या क्वार्टरात आले, तेव्हा माहेरच्या मोर कोरलेल्या पलंगाने बाहेरची खोली भरून गेली होती. दिवाकरराव माझ्या यजमानांसोबत स्टील प्लांटमध्ये कामाला. चहाला आले आणि म्हणाले, "वहिनी, इथं माणसं राहतात का पलंग राहते?" मी म्हटलं, चहा प्या आणि आपल्या घरी जा.

महिन्याभरात ते सागवानाच्या दोन खुर्च्या घेऊन आले. बुटक्या, पाय तिरपे आणि खाली निमुळते, बैठक वेताची, नक्षी नावाला नाही. मला वाटलं, काम अर्धवट सोडलं. पण पलंग आत गेला, खुर्च्यांखालून झाडू फिरू लागला, खोलीत हवा खेळू लागली. मग आजूबाजूच्या क्वार्टरांतही तशाच खुर्च्या दिसू लागल्या.

ड्युटी करून आले की दिवाकरराव अंगणातल्या शेडमध्ये रंधा मारत. वेत विणायला त्यांनीच मला शिकवलं; तोवर मी त्यांना भाऊजी म्हणू लागले होते. वीण सैल पडली की उसवून पुढ्यात ठेवत. राग यायचा. त्या विणीवर आजही लोक बसतात.

पुढे माझ्या यजमानांची कंबर गेली. बुटक्या खुर्चीतून उठताना ते रडकुंडीला येत, म्हणून मी खुर्चीखाली विटा लावल्या. भाऊजींनी विटा पाहिल्या आणि खुर्ची सायकलला बांधून घेऊन गेले. मला वाटलं, रागावले. आणली तेव्हा पाय नवे होते, उंच. डौल गेला, असं मीच म्हणाले. त्यावर भाऊजी म्हणाले, "खुर्ची माणसाले उठू देत नसन, तर डौल घेऊन काय करू?"

आता ते इथून जवळच पद्मनाभपुरात एकटे राहतात. या हिवाळ्यात दुपारी स्वतःच्याच बुटक्या खुर्चीत बसले ते उठताच येईना. संध्याकाळी दूधवाल्याने हात दिला. कळल्यावर मी गेले, पाय बदला म्हणून भांडले. म्हणाले, "हात थरथरते आता. ही माझी शेवटची जोडी. हिले काहून तोडू, वहिनी?"

तेव्हापासून मी रोज सकाळी फोन लावते. उचलायला उशीर झाला की पुन्हा पुन्हा लावते.

आता त्यांचा सत्कार ठरला आहे. सत्कार समितीने शाल द्यावी, नारळ द्यावा. पण मंचावर त्यांना भाड्याच्या मखमली सिंहासनात बसवू नये. यजमान गेल्यापासून ती उंच पायांची खुर्ची माझ्याकडे रिकामीच आहे. वीण नवी घालून पाठवते आहे. त्यांच्याच हातची आहे, नाही म्हणायला तोंड राहणार नाही. कार्यक्रम झाला की ती इकडे परत आणू नये, त्यांच्यासोबतच पद्मनाभपूरला पोचवावी.

दिवाकररावांनी पुष्कळ वर्षं धडधाकट जगावं, आणि रोज सकाळी कोणाचा हात न धरता त्या खुर्चीतून उठून माझा फोन उचलावा.