आष्टीपर्यंतचं गाणं

साळवे सर कुठल्याही गाण्याला चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. ते गाण्याला गाव द्यायचे. "ह्ये गाणं सातोन्यापर्यंतचं," असं ते म्हणाले की समजायचं, हे ऐकायला परतूरहून सातोन्यापर्यंत सायकल मारायला हरकत नाही, पण त्यापुढे पाय दुखवू नयेत. त्याहून बरं असलं तर ते वाटूरपर्यंतचं. आष्टीपर्यंतचं म्हणजे फारच वरचं. जांबपर्यंतचं गाणं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना क्वचितच भेटलं होतं, आणि त्याविषयी ते जास्त बोलत नसत. मी नवीनच शाळेत आलो होतो तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांना खोलीवर बोलावून माझं गाणं ऐकवलं. त्यांनी खाली मान घालून ते पुरं ऐकलं. मग म्हणाले, "कुलथे सर, तुमचं गाणं स्टेशनापर्यंतचं हाय." परतूरचं स्टेशन माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तेवढं अंतरही त्यांनी भीड म्हणून दिलं होतं, हे मला पुढे कळलं.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी सांगतोय तो काळ सत्तरीच्या दशकातला, मोठा दुष्काळ सरल्यानंतरचा. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता आणि परतूर परभणी जिल्ह्यात मोडत होतं. मी औरंगाबादेत वाढलेला, मराठीचा शिक्षक. एका ट्रंकेत कपडे, एका खोक्यात पेटी, आणि खिशात संगीताच्या दोन परीक्षा पास झाल्याची प्रमाणपत्रं. तिसरी परीक्षा मी का दिली नाही हे कुणी विचारलं तर मी प्रकृतीचं कारण सांगत असे. साळवे सर विज्ञान शिकवायचे. उंच, काटकुळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून पायाला कायमच्या लावलेल्या लोखंडी चिपा. वर्गात ते छापील पुस्तकासारखं बोलत, आणि सायकलवर टांग टाकली की त्यांच्या गावाकडची बोली सुरू होई.

गाण्यासाठी जीव टाकणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र गाता येत नव्हतं. बिलकुल नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी ते नुसते ओठ हलवत, कारण एकदा त्यांनी आवाज लावला तेव्हा पहिल्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली होती. याचं त्यांना दुःख नव्हतं. "सगळेच गायला लागले तर ऐकंल कोण? कुणीतरी मांडी घालून बसायला पाहिजे का न्हाई?" असं ते म्हणायचे. मला हे बोलणं मुद्दाम माझ्यासाठी असल्याचा संशय यायचा.

रविवारी सकाळी सर सायकलला तेल देत आणि मी माझ्या सायकलला शिव्या देत असे. ती मी परतूरच्या बाजारातून जुनी घेतली होती. चढ आला की तिची चेन उतरायची, आणि उतार आला की ब्रेक लागायचे नाहीत, म्हणून मला तिच्यावरून फक्त सपाटीवर सुखानं जाता येई. त्या मुलखात सपाटी भरपूर आहे, पण सपाटीवर समोरून वारा असतो. सर पुढे जाऊन एखाद्या लिंबाखाली वाट बघत थांबायचे. मी धापा टाकत पोचलो की त्यांची विश्रांती संपलेली असे आणि ते लगेच निघत. एकदा मी वैतागून विचारलं, "सर, एसटी आहे की. सायकलच कशाला?"

"एसटीनं गेलं की गाणं आयतं भेटतं," ते म्हणाले. "आयत्याला चव न्हाई. पायडल मारत गेलं म्हंजी कानाला भूक लागती."

माझ्या कानांचं माहीत नाही, पण पोटाला लागायची. तरी मी गेलो. उरुसातली कव्वाली ऐकली, सप्त्यातली भारुडं ऐकली, जांबला रामनवमीचं कीर्तन ऐकलं, जयंतीच्या दिवसांत गावोगावी फिरणाऱ्या गायनपार्ट्या ऐकल्या. सर नेहमी मागे बसायचे आणि सायकल उभी करताना तिचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचे. "गाणाऱ्याची जात आपुन इचारायची न्हाई," ते म्हणत. "आपली कुणी इचारली, तर सायकल तयारच हाय." हे ते हसत सांगत, म्हणून मीही हसलो होतो.

मग एका गावात खरोखरच एकानं विचारलं. आधी गाव विचारलं, मग आडनाव, आणि मग अगदी अदबीनं म्हणाला, "सर, तुमी तिकडं बसा, तिथून बी चांगलं ऐकू येतं." तिकडं म्हणजे चपला काढल्या होत्या तिथे. सर उठले, त्या माणसाला नमस्कार केला आणि सायकलकडे गेले. मी मागोमाग निघालो. गाव मागे पडेपर्यंत त्यांनी जोरात पायडल मारलं. शेवटी म्हणाले, "गाणं वाटूरपर्यंतचं होतं, कुलथे सर. जागा स्टेशनापर्यंतची बी न्हवती."

सरांचं स्वतःचं गाव आष्टीच्याही पुढे, गोदावरीच्या बाजूला होतं. तिथे दरवर्षी गायनपार्टी यायची ती त्यांच्या वस्तीत. बाकीचं गाव ती ऐकायचं, पण आपापल्या ओट्यावरून, लांबून, ऐकत नसल्यासारखं करून. सरांच्या मनात होतं की एकदा तरी गाणं शाळेच्या मैदानावर व्हावं, एका ताडपत्रीवर सगळं गाव बसावं. त्यासाठी ते दोन वर्षं जाऊन-येऊन लोकांची मनं वळवत होते. अखेर पोलीस पाटलांनी होकार दिला, पण दिला तो असा: "मास्तर, माझी ना न्हाई. पर लोकं अर्ध्यातून उठून गेली, तर पुन्यांदा मला इचारू नका. मंग आपलं तुमचं तुमच्यातच बरं." सरांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात नेहमीची थट्टा नव्हती. त्यांना झोप लागत नाही असंही ते म्हणाले.

रब्बीची पेरणी उरकल्यावरचा रविवार ठरला. बायकांना चुलीच्या वेळेला घरी जाता यावं म्हणून गाणं दुपारी ठेवलं होतं. आम्ही सायकलीवर निघालो. आष्टी ओलांडून थोडं पुढे गेलो, तर रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी वाकडी होऊन उभी, बैल सोडलेले, आणि शेजारी गायनपार्टीचे शाहीर डोक्याला हात लावून बसलेले. गाडीचा आख मोडला होता. शाहिरांचं वय झालं होतं, गुडघे धरलेले, चालत येणं शक्य नव्हतं. त्यांची माणसं दुसरी गाडी बघायला जवळच्या वस्तीवर गेली होती.

"साळवे सर, एक काम करा," शाहीर म्हणाले. "आमची पेटी घेऊन तुमी पुढं व्हा. पेटी मांडून ठिवा. पेटी दिसली की माणूस उठत न्हाई. आमी आलोच मागून."

मी पुढे होऊन म्हणालो की पेटी माझ्या कॅरिअरला बांधा, मला पेटीची सवय आहे. सर म्हणाले, "नको. तुमच्या मागं बांधली तर ती वाजवायच्या आधीच रडंल." त्यांनी जुन्या ट्यूबनं ती आपल्या कॅरिअरला आवळली. भात्याचा पट्टा ढिला होता, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला पेटीतून एक उसासा निघायचा. सर पुढे, पेटी उसासे टाकतेय, आणि मागे मीही तेच करतोय, अशी आमची वरात गावात शिरली.

मैदान भरलेलं होतं. ताडपत्रीच्या एका अंगाला सरांची वस्ती, दुसऱ्या अंगाला बाकीचं गाव, आणि मध्ये एक रिकामी पट्टी, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. आम्ही पेटी मांडली. शाहिरांचं म्हणणं खरं होतं. पेटी बघून लोक बसून राहिले. पण नुसत्या पेटीकडे माणूस तरी किती वेळ बघणार? गाडीचा पत्ता नव्हता. पाटील फाटकाजवळ खुर्चीवर बसून सरांकडे बघायला लागले. मग गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "हे दुसरे मास्तर पेटीवाले हायेत ना? त्यायला म्हनायला लावा की."

मला इतकंच पाहिजे होतं. सरांनी मान हलवून नको म्हटलं, पण तोवर माझी बोटं पट्ट्यांवर गेली होती. मी भूप लावला. डोळे मिटले. आलाप चांगला जमतोय असं मला वाटत होतं. मध्येच पुढच्या रांगेतलं एक लहान पोर रडायला लागलं आणि त्याची आई त्याला दाबक्या आवाजात म्हणाली, "गप बस, त्यायचं पोट दुखून राह्यलं." मी डोळे उघडले. मागे दोघंजण धोतर झटकत उठले होते. तिसरा पायताण शोधत होता. संगीताच्या दोन परीक्षांनी जे एका दमात साधलं ते गावातल्या कुणालाही साधलं नसतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठवायला नको वाटतो.

मग सर ताडपत्रीच्या मधल्या रिकाम्या पट्टीवर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे गातात की काय. पण ते पायताण शोधणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाले, "म्हादूआबा, मेंढरं पाण्यावर नेताना तुमी जी ओवी म्हनता, ती म्हना. मी ल्हान असताना बांधावर बसून ऐकायचो."

"म्या? हितं?" म्हादूआबा म्हणाले. "मेंढरं कुठंयत?"

"आमी हाव की," सर म्हणाले, आणि लोक हसले.

म्हादूआबांनी पायताण खाली ठेवलं, कानावर हात ठेवला आणि असा सूर उचलला की मला पेटीवर तो सापडेपर्यंत त्यांची अर्धी ओवी झाली होती. उठलेले दोघं उभ्यानंच ऐकायला लागले, मग खाली बसले. आबा थांबताच सरांनी दुसऱ्या अंगाला हाक मारली, मग पहिल्या अंगाला. कोण खुरपताना काय म्हणतं, कोणाच्या घरी पहाटे जात्यावर कुठली ओवी असते, हे त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि हाका मारता मारता ते मागे मागे सरकत होते. पाटलांच्या भावजयीनं एक ओवी टाकली, तिला उत्तर वस्तीतल्या बायकांकडून आलं. एकाच शेतात शेजारी-शेजारी खुरपणाऱ्या बायका त्या. दोन्ही अंगांना ओव्या त्याच निघाल्या. सरांची माय त्यांच्यातच बसली होती. तिच्यावर पाळी आली तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि ओवी म्हटली:

लेक माझा मास्तर गं, सायकलीवर बसला,
धूळ बसंस्तवर मला पाठमोरा दिसला.

सगळी माणसं हसली आणि सरांना शोधायला वळून बघू लागली. सर तोवर मागे फाटकाशी जाऊन उभे होते. त्यांनी काही केलं नाही, नुसते उभे राहिले. मी तिकडे फार लक्ष दिलं नाही, कारण मी प्रत्येकाचा सूर धरायला धावत होतो आणि एकही माझ्या हाती लागत नव्हता. इतकं वाईट मी आयुष्यात कधी वाजवलं नाही आणि इतकं सुख मला कधी झालं नाही.

शाहीर आले तेव्हा ताडपत्रीवर मधली पट्टी उरली नव्हती. त्यांना बसायला जागा होईना. त्यांनी ढोलकीवाल्याला गुपचूप बसायला सांगितलं आणि स्वतः चपलांपाशी बसून दोन ओव्या ऐकल्या, मग लोकांनीच त्यांना पुढे ओढलं. शाहिरांचं गाणं संपेपर्यंत एकही माणूस उठला नाही. निघताना पाटील सरांना म्हणाले, "पुढच्या साली टायमावर सांगा, मांडव मी टाकतो."

परत निघालो तेव्हा दिवस बुडत आला होता. वारा पाठीमागून होता, माझी चेन जागेवर होती आणि मी खुशीत होतो. माझ्या मते म्हादूआबा जांबपर्यंतचे होते, पण सरांच्या तोंडून ऐकायचं होतं. मी विचारलं, "सर, आजचं गाणं कुठपर्यंतचं?"

सर पायडल मारत राहिले. मी पुन्हा विचारलं.

"मी ऐकलंच न्हाई," ते म्हणाले. "मी बघून राह्यलो होतो, कोण उठतं का."

मला आधी ते थट्टा करतायत असं वाटलं. मग लक्षात आलं, ते मागे फाटकाशी जाऊन का उभे राहिले होते. ज्या गाण्यासाठी ते दोन वर्षं खपले त्यातला एक शब्द त्यांच्या कानात शिरला नव्हता. मी म्हणालो, "म्हणजे मायनं काय म्हटलं ते..."

"माय म्हनली?" सर म्हणाले. "मला वाटलं, लोकं वळून राह्यले म्हंजी उठून राह्यले."

त्यांनी सायकल थांबवली. मला म्हणाले, "उतरा. सायकलीवर सूर हालतो." आम्ही दोन्ही सायकली रस्त्याच्या कडेला उभ्या केल्या. मी मायची ओवी म्हटली. ते म्हणाले, "परत म्हना." मी परत म्हटली. पहिल्या ओळीला तिनं आवाज कसा ओढला, दुसरीला कुठे सोडला, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि मला आठवेल तसं मी म्हणून दाखवत राहिलो. सर रस्त्यावर उकिडवे बसले आणि रुमाल डोळ्यांना लावून रडायला लागले.

माझं गाणं ऐकून कुणाच्या डोळ्यांत पाणी यावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ती त्या संध्याकाळी पुरी झाली, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.