नवरदेवाची मावशी आणि लिनक्सचा सर्व्हर

मंचरला माझा फोटो स्टुडिओ आहे, शिनोलीला दुसरा आहे, तो बायको चालवते. लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घालून हायवेच्या गर्दीतून ने-आण करताना जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून मी जुन्या कम्प्युटरवर लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून सिंकचा सर्व्हर उभा केला. इकडे फोटो टाकला की तिकडे आपोआप हजर. पासवर्ड बंद, डिजिटल किल्लीशिवाय प्रवेश नाही, वर फायरवॉल. आता हॅकरच्या बापालाही हात लावता येणार नाही, असं मी दिसेल त्याला सांगत सुटलो. डिलीट झालेलं वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या, हा बायकोचा हट्ट. जागा फुकट जाते म्हणून मी कुरकुरलो, पण ठेवलं.

अल्बम छापण्याआधी आम्ही पाहुण्यांना चहा देऊन स्क्रीनसमोर बसवतो. नको तो फोटो त्यांच्यादेखत उडवावा लागतो, त्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. एका मेंढपाळाच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची मावशी मुलीकडच्यांनी दिलेल्या साडीवरून रुसली होती. मुलीचे वडील, आबा, मंचरला आले, ते तावातच. मावशी दिसली की म्हणत, "ह्यो काढा!" त्याच वेळी शिनोलीला मुलाकडचे बसले होते आणि मुलीच्या मामा-काकांचे फोटो उडवायला लावत होते. इकडे मी बटण दाबतोय, तिकडे बायको. सिंक आपलं काम चोख करत होतं. डिलीटही सिंक होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नवरा-नवरीच्या प्रत्येक फोटोत शेजारी कुणी ना कुणी होतंच, त्यामुळे तेही गेले. संध्याकाळी पाहिलं तर लग्नात भटजी, आचारी आणि जनरेटर एवढेच उरले होते.

तेवढ्यात नवरीचा फोन. "भाऊ, माझा आन् आबांचा फोटू आधी पाठवा. ते सदा मेंढरांमागं. आमचा दोघांचा दुसरा फोटूच न्हाई."

मी कॅमेऱ्याचं कार्ड तपासलं, तर त्यावर पुढचं लग्न चढलं होतं. मग बायकोच्या हट्टाचं ते डिलीटचं फोल्डर उघडलं, आणि फोटो सापडला. लेक हसतेय, आबा फेटा सावरतायत आणि दोघांच्या मागे फुगलेली मावशी. म्हणजे आबांनी स्वतःच स्वतःला उडवलं होतं!

सकाळी त्यांना बोलावून फोटो दाखवला. ते खुर्ची पुढे ओढून फोटोतल्या लेकीकडे बघू लागले.

"मावशीला कापून देऊ का, आबा?" मी विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तिला. पोरीला आता त्यांच्यातच नांदायचंय."