पीटर माघारी फिरला तो दिवस

मुलांनो, तुमच्या समीरमामानं एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता. तुमच्या आईला हे ठाऊक आहे. तुम्हाला मीच सांगावं, असं समीरचं म्हणणं आहे.

तेव्हा तो ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत होता आणि तिथेच राहायचा. आम्ही दोघं इकडे लंडनमध्ये, पिनरला. पुण्याची एक मुलगी आम्हाला पसंत होती, तोही हो म्हणाला होता. शनिवारी सकाळी पूजा आटोपून उठत होते, तेवढ्यात फोन आला. कुणी इंग्लिश माणूस. "समीर हॉस्पिटलमध्ये आहे. जिवंत आहे. तुम्ही या." जिवंत आहे, असं कुणी का सांगावं, ते मला कळेना. तुमचे आजोबा जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत डॉक्टर होते, पण त्या दिवशी ते रस्ता चुकले.

वॉर्डाच्या दाराशी तो माणूस उभा होता. नर्सनं विचारलं, "फॅमिली?" आम्हाला आत सोडलं. त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नाही. मी फॅमिली नाही," आणि भिंतीला टेकला.

समीर पांढराफटक पडला होता. डोळे उघडल्यावर त्यानं विचारलं, "पीटर कुठेय?" मग हळूच म्हणाला, "आई, आम्ही एकत्र राहतो. नवरा-बायको राहतात तसे. त्या मुलीशी मी लग्न नाही करू शकत. तुला राग आला?"

राग आला नाही. काहीच आलं नाही. रोज ज्याच्यापुढे मुलाचं लग्न होऊ दे म्हणत होते, त्या देवानं हे काय पुढ्यात ठेवलं?

बाहेर येऊन मी पीटरशेजारी बसले. लग्नाच्या बातमीवरून दोघांचं भांडण झालं होतं. पीटर बहिणीकडे निघाला, ट्रेनमध्ये बसला आणि पुढच्याच स्टेशनला उतरून परत आला. "का उतरलो ते मला खरंच सांगता येत नाही," तो म्हणाला. "बॅगसुद्धा गाडीतच राहिली." तो घरी पोचला म्हणून माझा मुलगा वाचला. मी त्याचा हात धरला, त्याला दाराशी नेलं आणि नर्सला म्हणाले, "ही इज फॅमिली." हे माझ्या तोंडून निघालं, याचा धक्का मला आजही बसतो.

समीर लगेच बरा झाला नाही. औषधं, काउन्सेलिंग, वाईट दिवस, बरे दिवस. पुढे दोन पुरुषांना कायदेशीर जोडीदार होता येईल असा कायदा झाला आणि दोघांनी कौन्सिलच्या ऑफिसात सह्या केल्या. त्याला लग्न म्हणायची सोय अजून नव्हती. "कागदानं काय होतं?" आजोबा म्हणाले. समीर म्हणाला, "बाबा, आता पीटरला कुणी दाराबाहेर ठेवणार नाही."

आपल्यात लग्नानंतर जोडीनं सत्यनारायणाला बसतात. मी हॅरोच्या गुरुजींना फोन केला.

"वा वा, वहिनी! सूनबाईंचं नाव काय?"

"पीटर."

पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग गुरुजी म्हणाले, "मांडी घालता येते का त्यांना? आणि सोवळं घट्ट नेसवा. मध्येच सुटलं तर मी काही करू शकणार नाही."

पूजेत गुरुजी सवयीनं म्हणाले, "हाताला हात लावा." पत्नीनं पतीच्या हाताला हात लावायचा असतो. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि दोघांनीही एकदमच हात पुढे केले. "चालेल, चालेल. पाणी सोडा," गुरुजी म्हणाले. आजोबा चष्मा पुसत राहिले.

पीटर त्या दिवशी गाडीतून का उतरला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मनात काही साचलं तर तुम्ही ते लवकर बोला, एवढंच मागणं आहे. कुणीही असा, कुणावरही प्रेम करा, मला सांगा.

पूजेनंतर समीरनं वाटी पुढे केली. "आई, शिरा अजून आहे?"

आहे रे, म्हटलं, पुष्कळ आहे. देवाला मात्र मी आता काही सुचवत नाही. तो देईल ते दोन्ही हातांनी घेते.